शेवटच्या पेपरात पहिला धडा

(देगलूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



संयोजकांनी मला 'शिक्षणाची आजची स्थिती' असा विषय सुचवला होता. त्यावर काहीही बोललं तरी ते विषयाला धरूनच ठरतं, म्हणून मी तो नम्रपणे परत केला. आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे, आणि तो प्रश्न वर्गातला आहे. सहामाही होते, दिवाळीची सुट्टी संपते, शाळा उघडते आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हात वर करतं: "सर, पहिल्या सत्राचं वार्षिकला येणार का?"

एरवी ज्याचा आवाज वर्षभर ऐकू येत नाही, तो मुलगाही या प्रश्नाच्या उत्तराला कान टवकारतो. सर "नाही" म्हणाले की सगळ्यांचे चेहरे खुलतात आणि पुस्तकाचा पहिला अर्धा भाग त्या दिवशी संपतो. हा प्रश्न आळशी पोरं विचारतात असा एक समज आहे. तो खरा नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीही विचारतात, कारण त्यांना वेळेचा हिशेब मांडायचा असतो. जे पेपरात येणार नाही ते वाचायचं नाही, हे त्यांना आपणच शिकवलेलं आहे. 'आयएमपी द्या' म्हणणारी पोरं आणि '२१ अपेक्षित' घेऊन देणारे पालक एकाच घरात राहतात.

तेव्हा वर्षभर शिकवलेलं सगळं शेवटी विचारावं की नाही, हा आजचा विषय. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची बस पकडायची आहे त्यांची सोय होईल. सगळं विचारावं. जूनमधलं मार्चमध्ये विचारावं, अकरावीचं बारावीत विचारावं, बी.ए.च्या पहिल्या वर्षाचं तिसऱ्या वर्षात विचारावं. पण सगळं विचारणं वेगळं आणि तीन तासांत एखाद्याचं सगळं ठरवून टाकणं वेगळं. आपल्याकडे या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून आल्या. दुसरीचा जाच फार झाला, म्हणून आपण पहिली फेकून दिली. जाच मात्र कुठे गेला नाही. तो आता लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये फी भरून मिळतो.

हे गाठोडं बांधलं गेलं १८५७ साली. त्या वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, पण त्यानं कुणाला काही शिकवलं नाही. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचं ते परीक्षा घेणारं मंडळ होतं. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं पेपर काढायचे, तपासायचे, पदव्या द्यायच्या. विद्यापीठांनी स्वतः शिकवण्याला कायद्यात नीट जागा मिळाली ती १९०४ साली. म्हणजे आपल्या आधुनिक उच्च शिक्षणात परीक्षा आधी आली आणि शिकवणं मागून आलं. १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. १८६२ साली पहिले बी.ए. बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. शिकवणारा एक आणि परीक्षक दुसराच, अशी ही व्यवस्था. वर्गात काय झालं आणि काय राहून गेलं हे परीक्षकाला ठाऊक नसे. तो पुस्तकात कुठूनही विचारणार, म्हणून मुलानं पुस्तकभर तयार असायचं. सगळं विचारण्यामागे शिक्षणाचा काही थोर विचार होता असं मला वाटत नाही. परीक्षक परका होता, हे त्याचं साधं कारण.

अर्थात सगळं विचारण्याची रीत इंग्रजांनीच आणली असंही नाही. मिथिलेच्या न्यायशास्त्राच्या पाठशाळांत शलाका परीक्षा होत असे, अशी परंपरा सांगतात. पोथीत सळई खुपसायची. ती ज्या पानापर्यंत जाईल ते पान विद्यार्थ्यानं उलगडून सांगायचं. कोणतं पान येईल ते विचारणाऱ्यालाही आधी माहीत नसे. आजही संगीताच्या विशारदला बसणाऱ्याला 'तो राग मागच्या परीक्षेला झाला' असं म्हणून सुटता येत नाही.

आणि आपल्या गावात तर याचं जिवंत रूप दरवर्षी पाहायला मिळतं. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात हाफिजसाहेब एकेका रात्री थोडं थोडं करत कुराणाचे तीसही पारे तोंडपाठ म्हणतात. मागे दुसरा हाफिज उभा असतो, त्याला सामे म्हणतात. त्याचं काम कान देऊन ऐकायचं. कुठे शब्द निसटला की तो तिथल्या तिथे लुकमा देतो, म्हणणारा दुरुस्ती करतो आणि पुढे जातो. यात माझ्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक, हे दर साल होतं. पाठ झालं, सनद मिळाली आणि सुटलो असं नाही, वर्षभर उजळणीचा दौर चालूच ठेवावा लागतो. दुसरी, चुकला म्हणून कुणी नापास होत नाही. इथे सगळंच्या सगळं विचारलं जातं आणि तरी कुणाच्या आयुष्याचा निकाल लागत नाही. आमच्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत हे उदाहरण कुठे आलेलं मला दिसलं नाही. यायला हवं होतं.

मुंबईची गोष्ट झाली. आपण तर निजामाच्या राज्यातले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या शाळा तहतानिया, वस्तानिया, फौकानिया अशा पायऱ्यांनी चढत जायच्या आणि वर होतं १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ, उर्दू माध्यमाचं. घरात मराठी, बाजारात तेलुगू नाहीतर कानडी, आणि पेपर उर्दूत. १९४८ साली निजामी गेली. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कलं हैदराबादकडेच राहिली. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आलं आणि १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. या गावात अशी घरं आहेत की आजोबा उस्मानियाचे, वडील मराठवाड्याचे आणि नातू नांदेडचा. सरकार बदललं, लिपी बदलली, सीमा बदलली, पण वर्षाच्या शेवटी एकदम सगळं विचारायचं आणि त्यावर पास-नापास ठरवायचं, ही रीत तिन्ही पिढ्यांना सारखीच भेटली.

तिचे चटके कुणाला बसले, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार लवकर ओळखलं होतं. १९२७ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी मुंबई विद्यापीठावर टीका केली. परीक्षा वेगळी आणि शिक्षण वेगळं, हा त्यांचा मुद्दा होता. दर्जा वाढवण्याच्या नावाखाली परीक्षा इतक्या कडक करत नेल्या, तर जे समाज अजून विद्यापीठाच्या उंबऱ्यापर्यंतही आलेले नाहीत ते कायमचे बाहेरच राहतील, असं त्यांचं म्हणणं. बोलणारा माणूस कोलंबियाचा आणि लंडनचा डॉक्टर होता. परीक्षेचं भय त्यांना नव्हतं. परीक्षा चाळणी म्हणून कशी वापरली जाते, याचं भान होतं. मराठवाड्यात, जिथे कॉलेज नावाची गोष्ट गावोगाव पोहोचायलाच १९५० आणि ६०चं दशक उजाडलं, तिथे हा इशारा सगळ्यांत जास्त लागू होता.

दुसरं उदाहरण नांदेडचं, आणि ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. नरहर कुरुंदकर इंटरसाठी हैदराबादच्या सिटी कॉलेजात गेले, आणि पदवी काही त्यांना वेळेवर मिळाली नाही. प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते, तेव्हाच त्यांच्या समीक्षेचा महाराष्ट्रभर दबदबा होऊ लागला होता. पदव्या नंतर झाल्या, मग ते पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पुढे तिथलेच प्राचार्य. कुरुंदकर गुरुजींइतकं 'सगळं' ज्याच्या डोक्यात एकावेळी हजर असे असा दुसरा माणूस त्या पिढीत शोधावा लागेल. नाट्यशास्त्र, इतिहास, राज्यघटना, इस्लाम, मनुस्मृती, कुठूनही विचारा. सगळं येणाऱ्या माणसालाही तीन तासांचा पेपर अडवू शकतो, तेव्हा त्या तीन तासांच्या निकालावर किती भार टाकायचा, हा प्रश्न पडायला हवा.

तो पडला, आणि सुधारणा आल्या. पण दुखणं होतं निकालात आणि इलाज झाला अभ्यासक्रमावर. आपण अभ्यासक्रमाचे तुकडे केले. शाळेत पहिलं सत्र आणि दुसरं सत्र वेगळं झालं. कॉलेजात सेमिस्टर आली. बोर्डात वगळलेला भाग, ऐच्छिक प्रश्न, प्रकरणनिहाय गुणभार. २० ऑगस्ट २०१०च्या शासननिर्णयानं पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्या योजनेचा हेतू मला आजही मान्य आहे. मुलाला वर्षभर विचारत राहा, एका दिवसावर सोडू नका, असाच तो होता. शाळेत पोहोचेपर्यंत त्याच्या नोंदवह्या झाल्या आणि शिक्षक रात्री बसून 'उपक्रमात आनंदाने सहभागी होतो' असं लिहू लागले. पहिल्या सत्राचं पहिल्या संकलित चाचणीत संपलं, दुसऱ्याचं दुसऱ्या. जुनं पुन्हा विचारणं कुठेच आलं नाही. आठवीपर्यंत नापास करायचं नाही, हे केंद्राच्या कायद्यानं आधीच सांगितलं होतं. पुढे २०१९ साली कायदा बदलला आणि महाराष्ट्रानं २०२३ साली पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. म्हणजे जाच काढला, मग जाच परत आणला. मधला प्रश्न, मुलाच्या डोक्यात जूनमधलं काही उरलं आहे का, दोन्ही वेळा बाजूलाच राहिला.

सेमिस्टरचा अनुभव तर मी रोज घेतलेला आहे. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला गणितात श्रेणींचं अभिसरण शिकवताना सीमा या कल्पनेची आठवण करून द्यावी लागते. मुलगा शांतपणे सांगतो, "सर, ते फर्स्ट सेमला झालं." त्याच्या आवाजात संकोच नसतो. त्या पेपरात त्याला चांगले गुण असतात, गुणपत्रिका घरी कपाटात असते, व्यवहार पूर्ण झालेला असतो. आता पुन्हा त्याच गोष्टीचा हिशेब मागणं त्याला अन्यायाचं वाटतं, आणि आपण जे नियम केले त्यांनुसार त्याचं बरोबरच आहे.

२०२१ साली तर याचा कळसच झाला. करोनामुळे दहावीची लेखी परीक्षा झाली नाही. अभ्यासक्रम २५ टक्के कमी केलेला होताच. शंभरातले ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या अंतर्गत लेखी परीक्षांवरून आणि २० तोंडी-प्रात्यक्षिक-गृहपाठावरून असं सूत्र ठरलं. राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. दोनच वर्षांपूर्वी, २०१९ साली, शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले होते तेव्हा हाच निकाल ७७.१० टक्के होता. मधल्या काळात पोरं अचानक हुशार झाली नव्हती. आणि एक गंमत: ज्या नववीला 'नववी काय, ढकलतातच' असं म्हणत आपण कधी मोजत नव्हतो, तीच नववी त्या वर्षी अर्ध्या गुणांची मालकीण झाली. हे आधी माहीत असतं तर किती मुलांनी नववीत पुस्तक उघडलं असतं, याचा विचार अधूनमधून मी करतो.

नववीसारखीच दुसरी अनाथ इयत्ता अकरावी. इथे मला जरा जास्त वेळ थांबायचं आहे, कारण आपल्या भागाची सगळी उलाढाल या एका इयत्तेभोवती आहे. आपल्या राज्यात अकरावीला बोर्ड नाही. बारावीच्या पेपरात अकरावीचं येत नाही. म्हणून कॉलेजात अकरावी हे विश्रांतीचं वर्ष. पण नीटला बसा: १८० प्रश्न, ७२० गुण, आणि अकरावी-बारावी दोन्हींचं काहीही. राज्याच्या सीईटीतही २० टक्के भार अकरावीचा. दोन वर्षांचं सगळं एका बैठकीत विचारणारी परीक्षा समोर आहे, आणि तिच्याकडे नेणाऱ्या आपल्या सरकारमान्य वाटेवर कुठेही, कुणीही, दोन वर्षांचं मिळून एकदाही विचारत नाही. मग हे विचारायचं काम करणार कोण? क्लास.

लातूर पॅटर्नला नावं ठेवणं आता फॅशन झाली आहे. मी ठेवणार नाही, निदान अर्धीच ठेवीन. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात जे सुरू झालं, त्याच्या मुळाशी कॉलेजातल्या शिक्षकांनी कॉलेजातच केलेली मेहनत होती. अभ्यासक्रम लवकर संपवायचा आणि मग उरलेल्या काळात पुन्हा पुन्हा, उलटसुलट, सगळ्याचं विचारत राहायचं. हेच वाघमारे सर पुढे नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मराठवाड्याची पोरं राज्याच्या गुणवत्ता यादीत यायला लागली, ती काही पुण्या-मुंबईच्या कृपेनं नव्हे. नंतर ही पद्धत कॉलेजच्या फाटकाबाहेर पडली आणि तिचा बाजार झाला, तो इतिहास तुम्हाला पाठ आहे. आज देगलूर-मुखेडकडचा मुलगा नाव एका कॉलेजात घालतो, राहतो लातूरच्या खोलीत, आणि दर रविवारी टेस्ट देतो. आधी पार्ट टेस्ट, मग फुल सिलॅबस टेस्ट. त्या टेस्टमध्ये अकरावीचा पहिला धडा फेब्रुवारीतही विचारतात. तिथे कुणी हात वर करून "हे येणार का?" विचारत नाही. म्हणजे सगळं विचारणं शक्य आहे, पोरांना ते झेपतं, आणि त्याचा उपयोगही होतो. फक्त ते अनुदानित शाळा-कॉलेजात मिळत नाही, विकत घ्यावं लागतं. ज्याचा बाप ते विकत घेऊ शकत नाही, त्याला आपण बारा वर्षं तुकड्यातुकड्यानं शिकवतो आणि मग एका दिवशी म्हणतो, आता सगळं सांग.

इथून मदनूर किती लांब आहे? सीमा ओलांडली की तेलंगण. तिकडे इंटरच्या दोन्ही वर्षांना, म्हणजे आपल्या अकरावीलाही, बोर्डाची परीक्षा असते. मग तिकडची पोरं क्लासमधून सुटली का? नाही. हैदराबादच्या कॉर्पोरेट कॉलेजांच्या जाहिराती आपल्याही चौकात लागतात. कारण तिथेही पहिल्या वर्षाचा पेपर पहिल्या वर्षात मिटतो. परीक्षांची संख्या वाढली, जुनं परत विचारणं नाही. बोर्ड वाढवा ही आपल्याकडची लाडकी मागणी आहे, तिच्यावर हा उतारा मदनूरमध्ये तयार आहे.

आणि सगळं एका दिवसावर ठेवलं की त्या दिवसाच्या कागदाला किंमत येते. नांदेड जिल्ह्यानं हे जवळून पाहिलं. बारावीच्या केंद्राभोवतीची गर्दी, खिडकीतून येणाऱ्या चिठ्ठ्या, झेरॉक्सच्या दुकानांचा सिझन. २०१०च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम लावून धरली आणि जिल्ह्याचा निकाल धाडकन खाली आला. तो खरा निकाल होता. २०२४ साली नीटच्या पेपरफुटीचा तपास लातूरपर्यंत पोहोचला. पहारा हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण एका सकाळच्या कागदावर इतकं टांगून ठेवलं तर पहारेकरी किती पुरणार?

आता जरा शास्त्राकडे. १९९१ साली हॅरी बारिक आणि लिंडा हॉल या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत हजाराहून जास्त माणसांची शाळेतल्या बीजगणितावर चाचणी घेतली. काहींना शाळा सोडून पन्नास वर्षं झाली होती. शाळेतले गुण चांगले असूनही ज्यांनी पुढे गणित घेतलं नाही, त्यांचं बीजगणित जवळजवळ पुसलं गेलं होतं. ज्यांनी कॉलेजात कॅल्क्युलस आणि त्याच्या पुढचं गणित केलं, त्यांचं पन्नास वर्षांनंतरही बऱ्यापैकी शाबूत होतं. पुढच्या प्रत्येक वर्गात त्यांना जुनं बीजगणित वापरावं लागलं होतं, ते सुटलंच नव्हतं. गुण हे शिकल्याच्या दिवसाचे असतात. टिकणं हे त्या गोष्टीकडे पुन्हा किती वेळा यावं लागलं यावर असतं.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी दुसरा प्रयोग केला. एक उतारा काही विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे विचारणं हे नुसतं माप नाही, तेच शिकणंही आहे. आमच्या लहानपणी परवचा म्हणवून घेणाऱ्या आजीला हे कुणी सांगायला गेलं नव्हतं. तिनं पावकी-निमकी एकदा पाठ झाली म्हणून कधी सोडून दिली नाही, दिवेलागणीला रोज लावायची.

आता सगळ्यांत महत्त्वाची हरकत. कुणीही उठून म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, की हे सगळं शिकलेल्या घरातल्या पोरांचं झालं. आंबेडकरांचा इशारा सांगता आणि पुन्हा सगळं विचारा म्हणता. पहिल्या पिढीच्या मुलाला हे ओझं नाही का?

मुखेड-कंधारच्या तांड्यांवरून माणसं हैदराबादकडे मजुरीला जातात. त्यांच्यासोबत गेलेलं किंवा मागे घर सांभाळत राहिलेलं पोर आपल्या वर्गात आहे असं धरा. सहामाहीच्या आधी त्याची शाळा बुडाली. सहामाहीत त्याला शंभरात वीस गुण पडले. दुसऱ्या सत्रात ते परत आलं, जीव तोडून बसलं, बुडालेली त्रैराशिकं मार्चपर्यंत त्याला येऊ लागली. आपल्या आजच्या पद्धतीत याची नोंद कुठे होते? कुठेच नाही. पहिलं सत्र बंद झालं, त्याचे वीस ते वीसच. कॉलेजात गेलं तर हेच एटीकेटीच्या रूपानं भेटतं. पहिल्या सेमिस्टरचा पेपर राहिला की वेगळा फॉर्म, वेगळी फी, आणि जी गोष्ट तिसऱ्या वर्षात पूर्ण समजली तिच्यासाठी पहिल्या वर्षाच्या बाकावर पुन्हा बसायचं. तुकड्यांची पद्धत दयाळू वाटते, पण तिच्या प्रत्येक तुकड्यावर कुलूप आहे. जुनं परत विचारलं, तरच जुनं सुधारल्याचं दाखवायला त्या पोराला जागा मिळते. अट एकच, की नंतरचं उत्तर बरोबर आलं तर आधीचे वीस पुसले गेले पाहिजेत. ज्याच्या घरी शिकवणारं कुणी नाही, ज्याची शाळा बुडते, त्याच्यासाठी शेवटी सगळं विचारणारी परीक्षा ओझं आहे खरी, पण ती एकदाच विचारली तर. वर्षभर थोडं थोडं, आणि मागचं माफ करत विचारली, तर ती त्याचीच आहे.

मग करायचं काय? मी कुलगुरू नाही आणि शिक्षणमंत्री तर मुळीच नाही, त्यामुळे मला फार मोठं सांगायची परवानगी नाही. वार्षिकच्या पेपरात पहिल्या सत्राचा ठरावीक वाटा असावा आणि तो जूनमध्येच मुलांना सांगून ठेवावा, लपवाछपवी नको. कोणत्या धड्यातून येणार ते सांगू नये, किती येणार ते सांगावं. बारावीच्या गणित-विज्ञानाच्या पेपरात अकरावीवरचे थोडे प्रश्न बोर्डानं आणले, तर अकरावीचे रिकामे वर्ग भरायला कुठल्या परिपत्रकाची गरज उरणार नाही. पदवीच्या शेवटच्या सेमिस्टरला तीन वर्षांवर मिळून एक तोंडी परीक्षा घ्यावी, शेजारच्या कॉलेजातला प्राध्यापक बोलावून, पंधरा-वीस मिनिटांची. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे एका विद्यापीठाखाली आहेत, माणसं मिळतील. तिला गुण थोडेच ठेवावेत आणि नापास कुणालाही करू नये. पदवी घेणाऱ्याला आपण काय शिकलो ते एकदा सलग बोलायची वेळ यावी, एवढाच हेतू. हाच मुलगा पुढे सेट-नेटला बसणार आहे, तिथे एम.ए.चं सगळं येतं, आणि तोवर त्याला तसं कुणी विचारलेलं नसतं.

हे वरून यायची वाट मात्र पाहू नका. आजच्या नियमांत बसणारी एक गोष्ट उद्यापासून होऊ शकते. दर आठवड्याच्या चाचणीत दहा प्रश्न काढता ना? त्यातले सात या आठवड्याचे ठेवा आणि तीन मागचे. मागचे म्हणजे कधीचेही, जूनपासूनचे, गेल्या वर्षीचे सुद्धा. पहिले दोन महिने पोरं कुरकुरतील. पालक येऊन विचारतील की हे पोर्शनमध्ये नसलेलं कशाला. मुख्याध्यापक विचारतील, ऐंशीच्या वर्गात तपासणार कोण, शिक्षकाकडे आधीच ऑनलाइन माहित्या भरायचं काम आहे. ते खरंच आहे. तर तपासू नका. तीन जुन्या प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहा, वह्या शेजाऱ्याशी अदलाबदल करून पोरांनाच तपासू द्या, चुकलेलं त्याच तासाला दुरुस्त करून घ्या. या तीन प्रश्नांचे गुण कुठल्याही रजिस्टरला चढवायचे नाहीत, शाळेच्या ॲपमध्ये भरायचे नाहीत आणि पालकसभेत वाचून दाखवायचे नाहीत.